एक अंगावर, एक वलणीवर

मुलांना कपडे किती असावेत, हा प्रश्न घरात सहसा कुणी विचारत नाही. कपाटाचं दार लागेनासं झालं की तो निघतो आणि तेव्हाही त्याचं उत्तर म्हणून आणखी एक कपाट येतं. शाळेची फी, फ्लॅटचा हप्ता, किराणा यांचा हिशेब पै-पैने करणारी घरंसुद्धा या एका बाबतीत हात सैल सोडतात. "लहान आहे तोवरच हौस, पुढे कुठे आपलं ऐकणार आहे?" एवढं म्हटलं की विषय संपतो.

हौसेबद्दल तक्रार नाही. मूल नटलेलं पाहावं असं कुणाला वाटत नाही? पण हौस आणि गरज यांचे कपडे एकाच कप्प्यात ठेवले की कुठले कुणाचे हे कळेनासं होतं. ते एकदा वेगळे करून पाहावेत.

पाळण्यापासून सुरुवात करू. जन्मलेलं बाळ साधारण 50 सेंटिमीटर लांब असतं आणि पहिल्या वर्षात जवळजवळ 25 सेंटिमीटर वाढतं. वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं, वर्ष भरेपर्यंत तिप्पट. त्यामुळे बारशाला आलेला गोंडस सूट तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोक्यातून जात नाही. बरं, बारशाला येणारे सगळेच एकाच मापाचे कपडे आणतात, कारण पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर बाळ असतं ते आजचं. मग त्यातले निम्मे कपडे प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न येताच लहान होतात.

आपल्या आज्यांनी ही वाढ टेपने मोजली नव्हती, पण त्यांच्या शिवणात ती धरलेली असे. झबल्याला मागे बटणं नसत, बंद असत. बाळ भरलं की बंद थोडे सैल बांधायचे, झबलं आणखी दोन महिने चालायचं. कापड म्हणाल तर धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. त्याचीच दुपटी, त्याचेच लंगोट. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते, म्हणून कित्येक घरांत पहिलं झबलं मुद्दाम दुसऱ्या मुलाच्या अंगावरून उतरलेलं घालत. यात गरिबी होतीच. ती नाकारून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण गरिबीबरोबर शहाणपणही होतं. गरिबी गेली ते चांगलंच झालं, शहाणपण तिच्याबरोबर जायची गरज नव्हती.

दोन वर्षांनंतर वाढीचा वेग मंदावतो. शाळकरी वयात मूल वर्षाला पाच ते सात सेंटिमीटर वाढतं. म्हणजे जूनमध्ये घेतलेली पँट पुढच्या जूनमध्ये घोट्याच्या वर येणार, हे ठरलेलं. पूर्वी शिंप्याकडे माप देताना आई हमखास सांगायची, "मास्तर, वाढतं अंग आहे, चार बोटं दुमड ठेवा." फ्रॉकच्या घेराला खाली ती दुमड असे. वर्षभराने ती उसवली की एक गंमत दिसे. वरचा कपडा उन्हाने आणि धुण्याने विटलेला, आणि खालची चार बोटं कोऱ्या रंगाची, मधे जुन्या टाक्यांच्या भोकांची बारीक रांग. त्या पट्ट्यावरून फ्रॉक कितव्या वर्षात आहे ते कुणालाही सांगता येई. आजच्या तयार कपड्यांत ही दुमड जवळजवळ नसतेच. कापड वाचवायचं हे एक कारण आणि मूल वाढलं की नवा कपडा खपायला हवा हे दुसरं.

तर मग किती हवेत? हा आकडा दुकानात ठरत नाही, मोरीत आणि वलणीवर ठरतो. घरात धुणं किती दिवसांनी पडतं, मूल दिवसातून किती वेळा कपडे बदलतं आणि धुतलेलं किती दिवसांत वाळतं, या तीन गोष्टी धरल्या की हिशेब आपोआप होतो. समजा, एक दिवसाआड मशीन लागतं आणि मूल दिवसाला दोन जोड घालतं. दोन दिवसांचे झाले चार जोड. वाळायला एक दिवस, म्हणजे आणखी दोन. अंगावर डाळ सांडणं, खेळताना चिखलात पडणं यासाठी एक वरचा. एकूण सात. उन्हाळ्यात आणि थंडीत घरच्या घरी घालायला सात जोड पुरेसे आहेत.

पावसाळ्यात हा हिशेब बदलतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत. पडवीत, खाटेच्या पायाला, पंख्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे पसरलेले असतात आणि वाळले तरी त्यांना तो कुबट वास राहतोच. तिथे सातचे अकरा करावे लागतील. लातूरला किंवा जळगावला ते लागणार नाहीत. म्हणून मुंबईतल्या मावशीच्या घरचा आकडा नागपूरच्या आत्याने घेण्यात हशील नाही. नागपूरला त्याऐवजी एक चांगला स्वेटर जास्त लागेल.

यात गणवेश मिळवा, बाहेर जायचे दोन, सणाचा एक, रात्रीचे दोन-तीन, एक रेनकोट, एक स्वेटर. एवढ्यात शाळकरी मुलाचं वर्ष निघतं. पाळण्यातल्या बाळाचं गणित याच चालीचं, फक्त बदल दिवसातून सहा-सात वेळा होणार म्हणून लंगोट आणि दुपटी भरपूर, झबली आठ-दहा, आणि बाहेर न्यायला म्हणून एखादाच नटवा कपडा.

सरकारनेही हा हिशेब आपल्या परीने केलेला आहे. समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंतच्या पात्र मुलांना वर्षाला दोन गणवेश देण्याची सोय आहे आणि त्यासाठी दर मुलामागे 600 रुपये धरलेले आहेत. एक अंगावर, एक वलणीवर. यापेक्षा खाली गेलं की मुलाला ओला सदरा घालून शाळेत जावं लागतं किंवा घरी बसावं लागतं. म्हणजे दोन हा आकडा काटकसरीतला तळ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांचा गणवेश हाच वर्षातला सगळ्यात चांगला कपडा असतो. लग्नाला, जत्रेला, मामाच्या गावाला तोच. अशा मुलाला कमी कपड्यांचं महत्त्व सांगायला जाणं हा उद्धटपणा ठरेल. हे चिंतन ज्यांच्या घरी दार लागत नाही त्यांच्यासाठी आहे.

त्या घरांत कपडे वाढतात कसे, हेही पाहायला हवं. एकदम कुणी पन्नास कपडे आणत नाही. बालवाडीत 'रेड डे' येतो, पुढच्या महिन्यात 'यलो डे'. गोकुळाष्टमीला कृष्णाचं धोतर-मुकुट, आषाढीला वारकऱ्याचा वेश, स्नेहसंमेलनाला नाचाचा झगमगीत पोशाख, संक्रांतीला बोरनहाणासाठी काळं झबलं. नवरात्राचे नऊ रंग आता चिमुरड्यांपर्यंतही पोचले आहेत. काकाच्या लग्नाला शेरवानी, ती हळदीला चालत नाही म्हणून पिवळा कुर्ता वेगळा. वाढदिवसाला येणारे दहा जण दहा कपडे आणतात. आणि यातलं काहीच नसेल त्या आठवड्यात मोबाइलवर 'दोनवर एक मोफत' असतंच. प्रत्येक खरेदीला कारण आहे आणि प्रत्येक कारण त्या दिवसापुरतं पटण्यासारखं आहे. म्हणूनच ती थांबवणं अवघड जातं.

यावर उपाय मात्र आहेत, आणि ते फार कठीणही नाहीत. लाल दिवस असेल तर शेजारच्या घरातला लाल सदरा एका दिवसासाठी मागता येतो. एकाच सोसायटीत तीन कृष्ण दरवर्षी वेगवेगळे मुकुट विकत घेतात, त्याऐवजी एक मुकुट तीन घरांत फिरू शकतो. वाढदिवसाच्या आमंत्रणात "कपडे नकोत, पुस्तक किंवा बी-बियाणं चालेल" असं लिहायला संकोच वाटतो, पण एका घराने लिहिलं की दुसऱ्याला धीर येतो. शाळेलाही पालकसभेत सांगता येतं की रंगांची ओळख घरातल्या वाटी-चमच्यांवरून, भाजीवरूनही होते.

आता मुलाच्या बाजूने पाहू. कपाटात चाळीस कपडे असलेलं मूल रोज कुठले घालतं? तोच तो एक निळा टी-शर्ट, ज्याच्यावरचं डायनासोरचं चित्र अर्धं निघालंय आणि मानेमागचं टोचणारं लेबल आईने कात्रीने कापून टाकलंय. ती मऊ विटकी चड्डी. धुवायला टाकली तर मूल मशीनसमोर उभं राहून ती कधी निघणार विचारतं. मोठ्यांना वाटतं हा हट्ट. खरं तर मुलाने आपल्यापुरता निवाडा केलेला असतो: जे टोचत नाही, ज्यात पळता येतं, जे स्वतःला घालता-काढता येतं, ते माझं. जरीच्या कॉलरचं, पाठीवर लांब चेन असलेलं, पॉलिएस्टरचं घाम न शोषणारं, घामोळं आणणारं जे काही आहे, ते आईबाबांचं.

जास्त कपड्यांचा खरा तोटा इथे आहे. पैसा जातो तो गेलाच. पण महागाचा, नवा, खास कपडा अंगावर आला की मुलामागे एक वाक्य फिरू लागतं: "खराब करू नकोस." वाळूत बसू नकोस, भिंतीला टेकू नकोस, आंबा खाताना हे काढ. कपडा मुलाला सांभाळण्यासाठी असतो. कपड्यांची संख्या आणि किंमत वाढली की मूल कपड्याला सांभाळू लागतं. चार वर्षांच्या पोराने बागेत येऊन घसरगुंडीजवळ नुसतं उभं राहायचं, कारण पांढरी पँट आहे, याहून मोठी नासाडी ती कुठली?

कमी म्हणजे सरसकट कमी असंही नाही. काही जागा अशा आहेत जिथे आपण उलट हात आखडतो आणि तिथे आखडू नये. बनियन, चड्ड्या, मोजे यांवर कुणाची नजर जात नाही म्हणून ते जुने, ढिले, भोकं पडलेले राहतात, आणि त्याच मुलाकडे तीन जॅकेटं असतात. पावसाळ्यात ओले मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांमध्ये चिखल्या होतात. तिथे दोन जोड जास्त हवेत. दहा-अकरा वर्षांची मुलगी वयात येऊ लागते, तेव्हा तिला अंतर्वस्त्रं मापाची आणि पुरेशी हवीत, आणि शाळेच्या दप्तरात एक जादा चड्डी आणि गणवेशाचा जादा स्कर्ट किंवा सलवार ठेवण्याइतकी सोय हवी. या वयात मुलगे आणि मुली दोघांचीही उंची झपाट्याने वाढते, घाम वाढतो, आपण कसे दिसतो याची जाणीव टोकदार होते. तेव्हा "गेल्या वर्षीचंच चालेल" हे काटकसरीचं वाक्य मुलाला वर्गात हसं करून ठेवू शकतं. गरजेचा आकडा वयाबरोबर हलता असतो, त्यावर नजर ठेवायची.

आणि धाकट्यांचं काय? थोरल्याचे कपडे धाकट्याला, ही आपली जुनी रीत. ती चांगलीच आहे, कारण वर्षभरात लहान झालेला कपडा क्वचितच फाटलेला असतो. पण धाकट्याच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या वाट्याला कधीच कोरा वास येत नाही, कायम दुसऱ्याच्या गुडघ्यांनी फुगलेली पँट. 'श्यामची आई'मध्ये दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून आणतो, हा प्रसंग अनेकांना आठवत असेल. साने गुरुजींचं हे पुस्तक 1935 साली आलं, आणि त्या घरातली ओढग्रस्त पानापानावर आहे. तरीही त्या प्रसंगात मोल आहे ते कापडाच्या किमतीला नाही. आपल्यासाठी म्हणून कुणीतरी मुद्दाम काही आणलं, याला आहे. वापरलेले दहा कपडे आनंदाने घालणाऱ्या धाकट्याला वर्षातून एक तरी कपडा असा मिळावा, जो पहिल्यांदा त्याच्याच अंगाला लागला.

वापरलेला कपडा घराबाहेर देतानाही हाच विचार हवा. आपलं कपाट रिकामं करणं म्हणजे दान नव्हे. बटणं तुटलेला, चेन अडकणारा, डाग पडलेला सदरा कामवाल्या ताईंच्या हातात ठेवून "तुमच्या मुलाला होईल" म्हणणं हे आपलं ओझं दुसऱ्याच्या घरी पोचवणं आहे. अंशु गुप्ता यांनी 1999 साली सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेने ही गोष्ट नीट ओळखली. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमांच्या बदल्यात त्यांना कपडे व इतर वस्तू मिळतात. फुकटाची भावना त्यात नाही. आपल्याला एवढं मोठं काम जमणार नाही, पण कपडा धुऊन, बटण लावून, वर-खालचा जोड एकत्र बांधून, आणि आधी विचारून देणं एवढं नक्की जमेल.

हा कपडा आपल्यापर्यंत आला कसा, हेही एकदा मुलाला सांगावं. एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2700 लिटर पाणी लागतं, असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. विदर्भातला कापूस बहुतेक कोरडवाहू, म्हणजे त्यातलं पाणी आभाळातून यायचं. आलं नाही तर त्याची किंमत यवतमाळचा शेतकरी मोजतो. आपल्याकडे बोंडातला कापूस अजून हातानेच वेचला जातो आणि वेचणाऱ्या बहुतांश बाया असतात. कमरेला ओटी बांधून उन्हात ओळीने चालत त्या एकेका बोंडातून कापूस काढतात, वाळल्या बोंडांची टोकं बोटांना टोचत राहतात. मग जिनिंग, सूतगिरणी, माग किंवा होजिअरीचं यंत्र, रंगाई, शिवण. एवढ्या हातांतून आलेला कपडा दोनदा घालून टाकून द्यायचा असेल, तर तो घेतलाच कशाला?

शेवटचा हात घरातला. कपडे वाढले की ते कुणीतरी गोळा करायचे, उलटे झालेले सुलटे करायचे, मशीनला लावायचे, वाळत घालायचे, घड्या घालायच्या, कुणाचं काय ते ओळखून कप्प्यात लावायचं. हे काम बहुतेक घरांत आईचं किंवा आजीचं असतं आणि ते कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही. बाबांनी हौसेने आणलेल्या पाच टी-शर्टांबरोबर आईच्या रविवारचा एक तुकडा जातो. म्हणून घरात कपडे किती असावेत हे ठरवताना धुणाऱ्याचं मत पहिलं घ्यावं. मूल सात-आठ वर्षांचं झालं की घड्या त्याच्याकडे सोपवाव्यात. स्वतःच्या घड्या स्वतः घालणारं मूल "मला आणखी एक हवा" असं म्हणण्याआधी थोडं थांबतं.

तेव्हा यंदा खरेदीला निघण्याआधी एक करा. मुलाचे सगळे कपडे पलंगावर काढा आणि त्यालाच विचारा, यातले तुझे कुठले? ते मूल जे उचलेल ते मोजा, कमी पडत असतील तिथे भर घाला, लहान झालेले नीट करून पुढे द्या. दिवाळीचा नवा ड्रेस मात्र अवश्य घ्या. एकच घ्या, आणि तो घालून त्याला किल्ल्याच्या मातीत हात घालू द्या.